हसवणारा माणूस आजारी पडत नाही का?

मागच्या अंकात हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स याच्यावर अर्ध्या पानाचं टिपण टाकलं होतं. 11 ऑगस्ट 2014 ला तो गेला, कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आपल्या घरी, वय 63, आत्महत्या, आणि शेवटी एक ओळ होती की डिप्रेशनला आजार म्हणा, नखरे म्हणू नका. एवढ्याशा टिपणावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सोसायटीचे, सासूबाईंचे आणि पीएफचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी कधी अमेरिकेला गेले नाही, त्या माणसाशी माझा काय संबंध, पण तुमचं टिपण वाचलं आणि परत रडू आलं. 2014 ला बातमी आली तेव्हा पण आलेलं. आमचे हे म्हणतात, चुलतसासरे गेले तेव्हा पण एवढी रडली नव्हतीस. माझं काही चुकतंय का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काही चुकत नाहीये हो. चुलतसासऱ्यांनी तुम्हाला कधी पोट धरून हसवलं असतं तर त्यांच्यासाठीही रडला असतात, हे तुमच्या ह्यांना माझ्यातर्फे सांगा. हा माणूस वर्षानुवर्षं केबलवरून रविवार दुपारी आपल्या हॉलमध्ये येऊन बसायचा. 'मिसेस डाउटफायर' मध्ये मुलांना भेटता यावं म्हणून म्हातारी बाई बनून स्वतःच्याच घरी कामाला लागणारा बाप, तो पिक्चर 1993 चा, आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी सुद्धा त्याच धाग्यावरचा कमल हसनचा 'चाची 420' पाहिलेला असतो, म्हणजे तो आपल्याकडे नऊवारी नेसूनच आला म्हणा ना.

आणि पडद्याबाहेरही तो तसाच होता म्हणतात. ख्रिस्तोफर रीव्ह, आपला सुपरमॅन, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेत त्याच्याबरोबर शिकायला होता. 1995 मध्ये रीव्ह घोड्यावरून पडला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं, जगायचं की नाही हेच ठरत नव्हतं, तर एक दिवस खोलीत रशियन ढंगात बडबडणारा एक डॉक्टर घुसला आणि म्हणाला मला लगेच तुमची मागच्या बाजूची तपासणी करायचीय. तो डॉक्टर म्हणजे रॉबिन. अपघातानंतर आपण पहिल्यांदा हसलो ते तेव्हा, असं रीव्हनेच नंतर लिहून ठेवलंय. अशा माणसासाठी मिरजेत बसून कुणी रडलं तर त्यात लाजायचं काय.

फक्त एक विचारते. रडू त्याच्यासाठीच येतंय ना? कधीकधी लांबच्या माणसाच्या निमित्ताने जवळचं जुनं काहीतरी बाहेर येतं. तसं असेल आणि झोप, जेवण, कामाची इच्छा हे सगळं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेल तर खुशाल रडा आणि त्याचाच एखादा पिक्चर लावा.

प्रश्न : मॅडम, स्पष्ट लिहितो. ऑस्कर मिळालं, पैसा होता, बंगला होता, तीन मुलं होती, जग डोक्यावर घेत होतं. मग कमी काय होतं? आमच्याकडे शेतकरी कर्जापायी जातो ते समजू शकतो. हे मोठ्या लोकांचे चोचले आहेत आणि तुम्ही त्याला आजार म्हणून मोठं करता. (निवृत्त मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सर, तुमच्या जिल्ह्यात जे पाहिलंत त्यातून हा राग आलाय, तो मला कळतो. पण "कमी काय होतं" हा प्रश्नच घोटाळा करतो. आपण कारण शोधायला बसतो, पटेल असं कारण सापडलं की हळहळतो आणि नाही सापडलं की त्या माणसालाच दोषी ठरवून मोकळे होतो. याच्या बाबतीत काय झालं होतं ते बरंचसं लिहिलेलं उपलब्ध आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

2013 च्या शरद ऋतूत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराला त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. पोट बिघडणं, झोप नाही, वास येत नाही, डाव्या हाताला कंप, आणि या सगळ्याबरोबर एक भीती जी कशानेच जाईना. एकेक लक्षण सुटं सुटं बघितलं तर कुणालाही किरकोळ वाटावं असं. 2014 च्या एप्रिलमध्ये व्हॅन्कुव्हरला 'नाइट ॲट द म्युझियम'च्या तिसऱ्या भागाचं शूटिंग चाललं होतं तिथे त्याला स्वतःची वाक्यं लक्षात राहिनात, पॅनिक अटॅक आला. आणि हा कोण, तर तीनच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, ब्रॉडवेवर, अख्खं नाटक करणारा, कधीकधी दिवसाला दोन प्रयोग, शेकडो वाक्यं आणि एक चूक नाही. मे मध्ये त्याची टीव्ही मालिका बंद झाली, त्याच महिन्याच्या शेवटी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं, आणि ऑगस्टमध्ये तो गेला.

शवविच्छेदनात मेंदू तपासला तेव्हा खरी गोष्ट कळली. लेवी बॉडी डिमेन्शिया. मेंदूच्या पेशींमध्ये एका प्रथिनाच्या गुठळ्या साठत जातात आणि विचार, चाल, झोप, भावना सगळ्यावर परिणाम होतो, भास सुद्धा होतात. त्याच्या बाबतीत हे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेलं होतं. जिवंत असताना या आजाराचं नावच त्याच्या कानावर पडलं नाही, कारण खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदू बघूनच होतं. त्याची बायको सुझन श्नायडर विल्यम्स हिने 2016 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञांच्या 'न्यूरॉलॉजी' नावाच्या जर्नलमध्ये हे सगळं लिहिलंय, डॉक्टरांनी वाचावं म्हणून मुद्दाम तिथे. (1990 च्या 'अवेकनिंग्ज' मध्ये त्याने कुणाचं काम केलं होतं माहितीये? मेंदूच्या आजाराने थिजून बसलेल्या पेशंटना पार्किन्सन्सचं औषध देऊन जागं करणाऱ्या डॉक्टरचं.)

मग डिप्रेशन होतं की नव्हतं? होतं. तो गेला त्याच दिवशी त्याच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं की अलीकडे त्याला तीव्र डिप्रेशन होतं, आणि या आजारात डिप्रेशन आणि घबराट ही लक्षणंच असतात. पण "आयुष्यभर डिप्रेशनशी झुंज" वगैरे जे छापून आलं ते बरंचसं अंदाजपंचे. 2006 च्या एका रेडिओ मुलाखतीत तो स्वतः म्हणाला होता की उदास होतो कधीकधी, पण डॉक्टरी भाषेतलं डिप्रेशन नाही. व्यसनं मात्र होती. कोकेन आणि दारू त्याने ऐंशीच्या दशकात सोडली, मग वीसेक वर्षांनी दारू परत आली, 2006 ला उपचार घेतले, 2009 ला हृदयाची झडप बदलली. गेला तेव्हा अंगात दारूही नव्हती आणि ड्रग्जही नव्हते.

आता सांगा सर, यात बंगल्याचा कुठे संबंध येतो.

आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर कर्ज खरं, नापिकी खरी, ती सोडवल्याशिवाय नुसत्या गोळ्या देऊन भागणार नाही हे शंभर टक्के मान्य. पण त्याच कर्जात बुडालेले दहा जण असतात आणि त्यातल्या एकाला झोप येत नाही, जेवण जात नाही, बैलाला पाणी दाखवायला उठवत नाही, तेव्हा त्या एकाला कर्जाच्या जोडीला आजारही झालेला असू शकतो. राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला त्यात समुपदेशन आहे ते यासाठीच. गरिबाचं दुःख तेवढं खरं आणि श्रीमंताचं म्हणजे नाटक, असं केलं की गरिबाचाही आजार कुणी तपासत नाही, परिस्थितीच तशी होती म्हणून फाईल बंद.

प्रश्न : ताई, "जे सगळ्यात जास्त हसवतात ते आतून सगळ्यात जास्त रडत असतात" हे खरं आहे का? मी स्टेटसला ठेवलेलं. आमच्या ग्रुपमध्ये एक जण सेम असाच आहे, सतत जोक्स, पण हल्ली काहीतरी वेगळं वाटतंय. विचारू का? आणि विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात नको ते येईल का? (टीवाय बीकॉम, कल्याण)

उत्तर : स्टेटस काढून टाक आणि मित्राला फोन कर, थोडक्यात उत्तर हे.

आता लांब उत्तर. ते वाक्य मला अजिबात आवडत नाही, जोकरचा चेहरा, डोळ्याखाली एक थेंब आणि खाली शायरी, दर ऑगस्टला फिरतं. त्यात आजार हा कलेचाच भाग होऊन बसतो, जणू दुःख आहे म्हणून विनोद आहे, मग उपचार घेतले तर विनोद जाईल की काय अशी भीती त्या हसवणाऱ्यालाच वाटते. रॉबिन विल्यम्स विनोदी होता कारण त्याने ज्युलियार्डला नाटकाचं शिक्षण घेतलं होतं, क्लबांमध्ये रात्री उभं राहून वर्षानुवर्षं ऐनवेळी सुचवायची सवय लावली होती आणि त्याच्याकडे अफाट देणगी होती. शेवटच्या वर्षी जे झालं त्याने त्याचा विनोद वाढला नाही, हिरावला गेला.

दुसरं म्हणजे त्या स्टेटसमुळे जे विनोदी नाहीत ते राहूनच जातात. ऑफिसमधला तो खेकसणारा क्लार्क, आईची ती मैत्रीण जी कुठल्याच हळदीकुंकवाला येत नाही, घरातले आजोबा जे टीव्ही बंद करून नुसते बसतात, यांच्यासाठी कुणी शायरी करत नाही. डिप्रेशन त्यांनाही होतं, किंबहुना चिडचिड, अंगदुखी, डोकेदुखी, कशातच रस नसणं, तीन वाजता जाग येणं अशा रूपातच बऱ्याचदा दिसतं, रडणं असेलच असं नाही.

मित्राबद्दल. तुला वेगळं वाटतंय ना, मग ते पुरेसं आहे, पुराव्याची वाट बघू नकोस. ग्रुपवर नाही, सगळ्यांसमोर नाही, त्याला एकट्याला चहाला ने नाहीतर स्टेशनपर्यंत चालत जा, चालताना बोलणं सोपं जातं कारण एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही. सरळ म्हण, "काय रे, हल्ली तू ठीक नाही वाटत मला, झोप होते का?" तो जोक मारेल. मारू दे, हस पण. आणि मग परत विचार, "ते ठीक आहे, पण खरंच कसं चाललंय?" दुसऱ्यांदा विचारणं महत्त्वाचं, कारण पहिल्यांदा सगळेच "मस्त" म्हणतात.

जीव द्यायचे विचार येतात का, हे विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, याचा अभ्यास झालेला आहे. उलट कुणीतरी शब्द उच्चारला म्हणून हलकं वाटतं. तेव्हा आडवळणाने नको, "मरावंसं वाटतं का कधी?" एवढं स्पष्ट विचार. हो म्हणाला तर लेक्चर देऊ नकोस, आईबापांचा विचार कर, लोक किती कष्टात जगतात बघ, पॉझिटिव्ह राहा, जिम लाव, यातलं काहीही नको. ऐक. आणि आत्ता या घडीला काही ठरवलंय का ते विचार. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नकोस, घरच्या मोठ्या कुणाला तरी सांग, त्याने शपथ घातली असली तरी सांग, मैत्री तुटली तर नंतर जोडता येईल, आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ने. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि मित्राच्या वतीने तू सुद्धा फोन करू शकतेस.

पोलीस केस होईल म्हणून लोक हॉस्पिटलला नेत नाहीत, ते आता डोक्यातून काढा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच, जो मे 2018 पासून लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे असं ठरलं, आणि अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम जुलै 2024 पासूनच्या नव्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. हॉस्पिटल आपली नोंद करेल, करू दे.

प्रश्न : ग्रुपमधल्या जोकरबद्दल कुणी पत्र पाठवलं असेल तर तो जोकर मीच आहे समजा. ऑफिसच्या प्रत्येक गॅदरिंगला अँकरिंग मी करतो, लग्नात पण मलाच माईक देतात. घरी आलो की शूज काढायला पण अर्धा तास लागतो. बायकोला वाटतं मी बाहेर सगळ्यांशी छान आणि घरी मुद्दाम तोंड पाडून बसतो. कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणतात हा पण जोकच. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : मी हसत नाहीये. हे तुम्ही लिहून पाठवलंत हे चांगलं झालं, आता हेच पत्र जसंच्या तसं बायकोला वाचायला द्या, तोंडी सांगायला गेलात तर सवयीने मध्येच पंच मारून मोकळे व्हाल. तिला जे मुद्दाम वाटतंय ते मुद्दाम नाहीये, बाहेर दिवसभर जी शक्ती खर्च होते ती घरी येईपर्यंत संपते आणि घरच्यांच्या वाट्याला उरलेलं येतं, हे तिला कळलं तर अर्धं भांडण मिटेल.

मग फॅमिली डॉक्टर. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन बघून घ्या, कारण त्यांच्या गडबडीत पण असंच वाटतं, आणि तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे. पिंपरीत नको वाटत असेल, कुणी ओळखीचं दिसेल म्हणून, तर पुण्यात जा, ऑनलाइन पण बघतात. डॉक्टरांसमोर सुद्धा तुम्ही पाच मिनिटांत त्यांना हसवाल याची मला खात्री आहे, म्हणून जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, भूक किती, दारू किती, मरणाचे विचार येतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, आजच वरचा नंबर लावा.

पुढच्या गॅदरिंगला माईक दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. तुम्ही बसून बघा एकदा, वाईट करतील, चालतं.

प्रश्न : त्या डॉक्टरांच्या गोळ्यांची सवय लागते ना? (नाशिक)

उत्तर : डिप्रेशनवर सहसा ज्या गोळ्या देतात त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर मोजून आणि थोड्या दिवसांसाठी देतात, गोंधळ तिथे होतो. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका, चक्कर, मळमळ, बेचैनी होते, मग आपण म्हणतो बघा सवय लागली. आपणहून डोस हळूहळू कमी करायचा नाही, डॉक्टरांना करू द्यायचा. गोळ्यांबरोबर समुपदेशन मिळालं तर आणखी चांगलं.

प्रश्न : तो गेला तेव्हा मी "जिनी, यू आर फ्री" वालं चित्र शेअर केलं होतं, सगळ्यांनीच केलं. नंतर इथल्या एका ओळखीच्या डॉक्टरने मला झापलं. एका श्रद्धांजलीत एवढं काय वाईट? (न्यू जर्सीहून, मूळ गाव चिपळूण)

उत्तर : ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: 1992 च्या 'अलादिन' मधल्या जिनीला आवाज त्याचा होता, आणि तो गेला तेव्हा ऑस्करवाल्या अकॅडमीने अलादिन आणि जिनीच्या मिठीचं चित्र टाकून लिहिलं की जिनी, तू मुक्त झालास. प्रेमानेच लिहिलं होतं, तुम्हीही प्रेमानेच पुढे पाठवलंत. पण आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारे लोक तेव्हाच ओरडले होते, कारण त्याच वेळी कुठेतरी एखादा माणूस फोन हातात घेऊन अंधारात पडलेला असतो आणि त्याला त्या चित्रात काय दिसतं, तर सुटका, आणि वर सगळ्या जगाचं प्रेम.

ही नुसती शंका नव्हती. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आकडे काढले तर त्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये तिथे अपेक्षेपेक्षा सुमारे 10 टक्के, म्हणजे 1,841 आत्महत्या जास्त झाल्या होत्या. त्या सगळ्या त्या चित्रामुळे झाल्या असं कुणी म्हणत नाही, पण चॅनेलांनी कसं गेला, खोली कुठली, काय काय सापडलं याचं जे रवंथ केलं त्याकडे बोट नक्की जातं. याच्या उलट 1994 मध्ये गायक कर्ट कोबेनने आत्महत्या केली तेव्हा त्याच्या शहरात, सिएटलमध्ये, मदतकेंद्रांचे नंबर सगळीकडे दिले गेले, तो मोठा कलाकार होता आणि हे जे झालं ते वाईट झालं हे वेगवेगळं सांगितलं गेलं, तर तिथे तशी वाढ दिसली नाही, मदतीसाठी येणारे फोन मात्र वाढले.

तेव्हा डॉक्टरांनी झापलं ते बरोबर, पण स्वतःला फार बोल लावू नका. पुढच्या वेळी, आणि अशी बातमी पुन्हा कधीतरी येणारच, त्याचं काम शेअर करा, कसा गेला ते करू नका, "सुटला" लिहू नका आणि खाली मदतकेंद्राचा नंबर टाका. तुमच्याकडे अमेरिकेत तो 988 आहे.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला रॉबिन विल्यम्स दाखवायचा तर सुरुवात कुठून करू? (रत्नागिरी)

उत्तर : 'अलादिन', जुना, कार्टूनवाला. पण हिंदी डबिंग लावू नका, त्यात त्याचा आवाजच नाही, मग काय उपयोग. इंग्लिश लावा, अर्धं कळणार नाही, तो तिथे इतका सुसाट बोलतो की मोठ्यांना पण कळत नाही, ॲनिमेशनवाल्यांना त्याच्या रेकॉर्डिंगमधलं काय ठेवू आणि काय नको असं झालं होतं म्हणे. 'जुमानजी' आधी तुम्ही एकट्याने बघा, 1995 चा, त्यातले कोळी आणि ढोलाचा आवाज काही मुलांना रात्री झोपू देत नाही. 'डेड पोएट्स सोसायटी' आत्ता अजिबात नको, त्यातही एका मुलाची आत्महत्या आहे, मुलगा कॉलेजला गेला की बघा आणि शेजारी बसून बघा. ज्यासाठी त्याला 1998 ला ऑस्कर मिळालं तो 'गुड विल हंटिंग' पण तेव्हाच, त्यात शिव्या खूप आहेत. तोवर 'मिसेस डाउटफायर', बारा-तेरा वर्षांचा झाला की, आणि त्याला आईबाप वेगळे का झाले हा प्रश्न पडला तर उत्तर तयार ठेवा, तो पिक्चर शेवटी त्यांना परत एकत्र आणत नाही.